लिंक्ड लिस्टमधलं चक्र: हॅश सेट की ससा-कासव?

टिळकवाडीकर: लिंक्ड लिस्ट म्हणजे प्रत्येक घर (नोड) पुढच्या घराचा पत्ता (नेक्स्ट) धरून ठेवतं अशी यादी. एखादा नेक्स्ट मागं वळला की चक्र, यादी संपतच नाही. ते ओळखायचं कसं, यावर कालच्या पोस्टमध्ये लिहिलंय, 'ससा-कासव म्हणजे नुसतं पाठांतर. नोडचे पत्ते हॅश सेटमध्ये (आधी पाहिलेलं चटकन ओळखणाऱ्या नोंदीत) टाका, पत्ता पुन्हा आला की चक्र. नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न बंद करा.' वाचून राहवलं नाही. मी बेळगावच्या उद्यमबागेत कंट्रोलर बोर्डांचं काम करतो. चिपवर रॅम २ केबी. टायमरच्या यादीत एकच नोड लागोपाठ दोनदा पुढं जोडला गेला, त्याचा नेक्स्ट स्वतःकडंच वळला आणि मशीन तिथंच अडकलं. तिथं हॅश सेट कुठं मांडायचा? ससा-कासवाला दोन पॉइंटर (नोडकडं बोट दाखवणारे पत्ते) पुरतात: कासव एकेक घर चालतं, ससा दोन-दोन. दोघं चक्रात शिरले की अंतर दर पावलाला एकानं घटतं, गाठ पडणारच. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात सकाळी फेऱ्या मारणाऱ्यालाही हे कळतं.

खानापूरचा: तुमच्या बोर्डावर नोडचा पूल (आधीच राखून ठेवलेला साठा) ठरलेलाच असणार की. ३२ असतील तर ३३वा नोड लागला की चक्र. एक काउंटर बास. आणि आमच्या सर्व्हरवर १० लाख नोड असले तरी नुसते पत्ते, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ८० लाख बाइट, वर हॅश सेटच्या टेबलाचा खर्च. कुणाचं अडतंय? शिवाय पहिला पुन्हा आलेला पत्ता म्हणजेच चक्राचं तोंड, चक्र जिथं सुरू होतं तो नोड.

शहापूरची: पाठांतर म्हणणाऱ्यांनो, मी दहावीपर्यंत मराठी शाळेत. बंगळूरच्या मुलाखतीत हाच प्रश्न आला. कागदावर सगळं काढलं, पण इंग्रजीत बोलताना अडखळले. समोरच्यानं मधेच थांबवलं. उत्तर येत होतं हो मला!

निपाणीकर: प्रत्येक गोष्टीत भाषा कशाला? मीपण मराठी मीडियमचा. व्हीटीयूचं (इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाचं) मुख्यालय बेळगावातच, तरी आमच्या वेळी पेपर सगळ्यांना इंग्रजीतच होते. कन्नड शाळेतली पोरं रडत बसली का?

शहापूरची: रडली. माझी रूममेट कन्नड शाळेची, दोघी एकाच रात्री रडलो. तुम्हाला जमलं म्हणून सगळ्यांना जमावं हे कुठलं? आता मराठीत ऐका. चक्राआधीची शेपटी ३ घरांची, चक्र ५ चं. कासव ५ घरं चाललं, ससा १०, फरक बरोबर एक फेरी, म्हणून तिथं गाठ. आता एकाला सुरुवातीला न्या, दोघं एकेक घर चाला. तिसऱ्या पावलाला दोघं चक्राच्या तोंडाशी. हे पाठांतर वाटतं?

निपाणीकर: नाही वाटत. पण सराव केला असता तर इंग्रजीतही सांगता आलं असतं, एवढंच म्हणतो.

शहापूरची: सराव करायला घरात इंग्रजी बोलणारं माणूस लागतं.

टिळकवाडीकर: खानापूरचे, पूल ३२ चाच आहे. काउंटर चालला असता, मान्य. पण यादीची लांबी माहीत नसेल, रॅमही नसेल, तेव्हा काय? ससा-कासव नको तर गणितज्ञ रिचर्ड ब्रेंटची १९८० ची पद्धत घ्या, तिलाही दोनच पॉइंटर लागतात.

खानापूरचा: तेव्हा ससा-कासव घ्या, नाही कुठं म्हणतोय! सर्व्हरवर मी हॅश सेटच वापरणार. शहापूरचं ३ आणि ५ चं गणित कागदावर करून बघितलं, जुळलं. तरी मुलाखतीत हा प्रश्न नकोच, त्यात येणारी माणसंसुद्धा नापास होतात.

शहापूरची: प्रश्न राहू दे. कागद बघून गुण द्या.