टेडी वेदरफर्ड : शिकागोपासून कलकत्त्यापर्यंत

प्रश्न – जुन्या_तबकड्या
१९२६ साली शिकागोत अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदाने ध्वनिमुद्रित केलेल्या ‘स्टॅटिक स्ट्रट’ या रचनेत कॉर्नेटवर (ट्रंपेटसारखे फुंकवाद्य) लुई आर्मस्ट्राँग आहेत आणि त्यांच्या तोडीचा पियानो टेडी वेदरफर्ड यांनी वाजवला आहे. एवढ्या ताकदीचा हा कृष्णवर्णीय वादक जॅझच्या इतिहासात दुर्लक्षित का राहिला आणि मुंबईशी त्यांचा संबंध कसा आला, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर – काळीपांढरी_पट्टी
वेदरफर्ड यांचा जन्म १९०३ साली व्हर्जिनियातला. पियानो ते न्यू ऑर्लिन्समध्ये शिकले आणि शिकागोत मूकपटांच्या व्हेंडोम थिएटरमधील वाद्यवृंदामुळे नावारूपाला आले. १९२६ मध्येच ते जॅक कार्टर यांच्या बँडबरोबर आशियात निघून गेले. विद्युत ध्वनिमुद्रण नुकतेच रुळू लागले होते आणि पुढील काही वर्षांत त्यांच्या समकालीनांच्या तबकड्या घरोघरी पोहोचल्या. वेदरफर्ड मात्र तेव्हा शांघायच्या नाइट क्लबांत वाजवत होते. १९३४ साली कॅलिफोर्नियाला जाऊन ट्रंपेटवादक बक क्लेटन यांचा अख्खा बँड त्यांनी शांघायला आणला. हेच क्लेटन पुढे प्रसिद्ध अमेरिकी जॅझ बँडप्रमुख काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात गाजले.

उत्तर – मांडवीकाठ
मुंबईविषयी लिहितो, कारण माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचे खरे मोल तेथे कळते. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात ताजमहाल हॉटेलात क्रिकेट स्मिथ या ज्येष्ठ कृष्णवर्णीय ट्रंपेटवादकाच्या बँडमध्ये ते पियानो वाजवत आणि पुढे नेतृत्वही त्यांच्याकडे आले. या बँडमध्ये गोमंतकीय वादकांनाही जागा मिळाली. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून शिकलेल्या या मंडळींना स्वरलिपी उत्तम वाचता येत असे. जॅझला लागणारी उपज आणि लयीचा झोका (स्विंग) मात्र कागदावरून शिकता येत नाही, त्यासाठी जाणत्या वादकाच्या शेजारी बसून रात्रीमागून रात्री वाजवावे लागते, आणि ती संधी या बँडने दिली. ट्रंपेटवादक फ्रँक फर्नांड हे त्यांतलेच एक. त्यांनी पुढे हिंदी चित्रपटसंगीतात दीर्घकाळ काम केले आणि कोकणी चित्रपटांची निर्मितीही केली. आपल्या चित्रपटसंगीतातील ब्रास (ट्रंपेटसारख्या पितळी) वाद्यांचा इतिहास लिहिताना ताजमधील या बँडला वगळणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्नकर्ता – जुन्या_तबकड्या
मनःपूर्वक आभार. मग अखेरची वर्षे कलकत्त्यात कशी गेली?

उत्तर – काळीपांढरी_पट्टी
युद्धकाळात ते कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात बँड चालवत होते. शहर अमेरिकी व ब्रिटिश सैनिकांनी भरले होते, ब्रह्मदेशातून निर्वासित होऊन आलेले वादकही तेथे जमले होते. रुबेन सॉलोमन आणि गिटारवादक सेड्रिक वेस्ट हे त्यांतलेच. भारतीय जॅझ पियानोवादक लुई बँक्स यांचे वडील, नेपाळी वंशाचे जॉर्ज बँक्स, हेही वेदरफर्ड यांच्याकडे वाजवत. या बँडने कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी तबकड्या केल्या, पण त्यांत बहुतांश तत्कालीन लोकप्रिय गाणी असल्याने पियानोवादक म्हणून त्यांची झेप त्यांतून पुरती कळत नाही. त्यासाठी १९३७ सालची पॅरिसमधील एकल ध्वनिमुद्रणे ऐकावीत. डाव्या हाताचा भक्कम ठेका आणि त्यावर उजव्या हाताने घेतलेले धीट वळण तेथे स्वच्छ ऐकू येते. २५ एप्रिल १९४५ रोजी कलकत्त्यातच कॉलऱ्याने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते केवळ ४१ वर्षांचे होते.