जुन्या विमानांचे घर : अल्बियन पार्कच्या सहलीविषयी

प्रेषक: सहल समिती

सप्रेम नमस्कार मंडळी,

यंदाची सहल अल्बियन पार्कच्या विमानतळावरील ‘हार्स’ संस्थेच्या विमानसंग्रहाकडे न्यावी, अशी सूचना समितीपुढे आली आहे. मुलांना घेऊन सिडनीहून दीड तास गाडी हाकत जुनी विमाने पाहायला जाण्यात काय हशील, आणि प्रवेशशुल्काखेरीज मंडळाने वेगळी देणगी का द्यावी, असे दोन-तीन सभासदांनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. वोलोंगाँगचे आपले एक सभासद गेली काही वर्षे दर शनिवारी तिथे स्वयंसेवक म्हणून काम करतात. दादा, आपणच याबद्दल सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

प्रेषक: वोलोंगाँगचे सभासद

ताई आणि सर्व मंडळी, सप्रेम नमस्कार.

‘हार्स’, म्हणजे हिस्टॉरिकल एअरक्राफ्ट रिस्टोरेशन सोसायटी, ही संस्था विमानांचे वेड असलेल्या काही मंडळींनी 1979 मध्ये स्थापन केली. अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन जातीचे, चार पंखा-इंजिनांचे एक जुने विमान मिळवून ते ऑस्ट्रेलियाच्या आकाशात पुन्हा उडवावे, हा त्यांचा ध्यास होता. अमेरिकन हवाई दलासाठी 1955 मध्ये बांधलेले आणि पुढे ॲरिझोनाच्या वाळवंटात, ट्यूसन येथे पडून राहिलेले असे एक विमान त्यांना सापडले. सुट्ट्या काढून आणि पदरचे पैसे घालून ऑस्ट्रेलियातून स्वयंसेवकांच्या तुकड्या तिथे जात राहिल्या, आणि काही वर्षांच्या खटपटीनंतर फेब्रुवारी 1996 मध्ये हे विमान पॅसिफिक ओलांडून स्वतःच्या पंखांवर सिडनीला पोहोचले. त्यालाच आम्ही सगळे ‘कॉनी’ म्हणतो.

मला मुद्दाम सांगायचे आहे ते यापुढचे. विमान आले की लोक टाळ्या वाजवतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. पण विमानाला घर लागते, आणि ते घर उभे करण्याच्या कामाला टाळ्या मिळत नाहीत. हा संग्रह सिडनीहून अल्बियन पार्कला हलवला गेला, तेव्हा नुसती विमाने नेऊन भागण्यासारखे नव्हते. छप्पर हवे, पंख मावतील एवढी दारे हवीत, सुटे भाग ठेवायला फडताळे हवीत, वीज, पाणी, आग विझवण्याची व्यवस्था, विमा आणि नगरपालिकेच्या परवानग्या हव्यात. ज्यांना इंजिनातले काही कळत नाही अशा कितीतरी जणांनी या बाजूचा भार उचलला आहे, आणि माझ्या लेखी ते मेकॅनिकांच्या तोडीचे आहेत.

जागेचा प्रश्न किती नाजूक असतो, हे जंबो आले तेव्हा सगळ्यांनी पाहिले. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास या विमान कंपनीचे पहिले बोइंग 747-400 जातीचे जंबो, ‘सिटी ऑफ कॅनबेरा’, ऑगस्ट 1989 मध्ये लंडनहून निघून कुठेही न उतरता 20 तास 9 मिनिटांत सिडनीला पोहोचले होते. हेच विमान कंपनीने संस्थेला देऊ केले, आणि 8 मार्च 2015 रोजी ते सिडनीहून निघून अल्बियन पार्कला उतरले. हा त्याचा शेवटचा प्रवास जेमतेम पाव तासाचा होता. आमची धावपट्टी 1,819 मीटर लांब आणि फक्त 30 मीटर रुंद आहे, तर या विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 64 मीटरहून अधिक भरतात. बाहेरची दोन्ही इंजिने मध्यरेषेपासून वीस मीटरांवर, म्हणजे धावपट्टीची कड सोडून गवतावर तरंगत होती. डांबर खचू नये म्हणून चाकांतल्या हवेचा दाब आधीच बराच उतरवलेला होता. विमान अंगणात आल्यावरही ते उघड्यावरच ठेवावे लागले, कारण एवढ्या आकाराचे छप्पर कुठून आणायचे? म्हणून दान घेण्यापूर्वी ते ठेवायची सोय पाहावी लागते. भावनेच्या भरात घेतलेल्या आणि पुढे पावसात सडलेल्या विमानांची उदाहरणे जगभर आहेत.

आता आपल्या लोकांचा संबंध. एअर इंडियाने 1956 मध्ये मुंबईहून सिडनीला विमानसेवा सुरू केली, ती याच सुपर कॉन्स्टेलेशन जातीच्या विमानांनी. आपण आज ज्या मार्गाने आईवडिलांना बोलावतो, तो ज्या विमानाने पहिल्यांदा जोडला, त्याच जातीचे विमान आपल्या घरापासून दीड तासावर उभे आहे. मुलांना त्याच्या तीन शेपट्यांखाली उभे करून ही हकिकत सांगावी, असे मला मनापासून वाटते.

देणगीबाबत माझे मत स्पष्ट आहे. ती द्यावी, आणि एखाद्या विमानाच्या नावाने न देता हँगरच्या, म्हणजे विमाने ठेवायच्या शेडच्या, देखभालीसाठी म्हणून द्यावी. कॉनीसाठी पैसे देणारे भेटतात. पन्हळ बदलायला कोणी देत नाही.

---

प्रेषक: कॅसल हिलचे ज्येष्ठ सभासद

आयुष्मान, आपले पत्र वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसून होतो.

एअर इंडियाने जेट विमाने घेतल्यानंतर ही सुपर कॉन्स्टेलेशन विमाने भारतीय हवाई दलाच्या सहाव्या स्क्वाड्रनकडे आली आणि समुद्रावरील टेहळणीसाठी पुण्याच्या लोहगाव तळावर राहिली. माझे वडील तिथल्या वर्कशॉपमध्ये होते आणि आम्ही येरवड्याला राहत असू. पहाटे चारही इंजिने एकापाठोपाठ एक सुरू होत आणि आमच्या घरातल्या फळीवरची पितळेची भांडी किणकिणू लागत. आई झोपेतच म्हणे, ‘निघाली तुमची राणी.’ पुढे 1976 मध्ये ही विमाने नौदलाकडे, गोव्याला गेली. त्यांपैकी एक दाबोळीजवळ बोगमाळोच्या वाटेवर, नौदलाच्या विमानसंग्रहालयात उभे आहे. ते मी पाहिले आहे. उघड्यावर आहे, आणि गोव्याचा पाऊस व खारा वारा आपण जाणतोच. अशा हवेत ॲल्युमिनियमचे नेमके काय होते, आणि तुमच्याकडे समुद्र जवळ असूनही ते कसे राखले जाते, हे कळले तर बरे होईल. वडिलांच्या हाताखालून गेलेल्या वस्तूबद्दल विचारतो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहावे.

---

प्रेषक: वोलोंगाँगचे सभासद

काका, सादर नमस्कार.

खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. आधी रंगाखाली बारीक फोड येतात, नखाने खरवडले की पांढरी भुकटी निघते, आणि ती दिसेपर्यंत दोन पत्र्यांच्या सांध्यात पाणी शिरून आतला थर पापुद्र्यासारखा सुटू लागलेला असतो. तेवढा भाग काढायचा म्हणजे एकेक रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारा खिळा, ड्रिलने उडवायचा, पत्रा उतरवायचा, साफ करायचा, हिरवट-पिवळे प्रायमर लावायचे आणि नवा पत्रा पुन्हा रिव्हेटने बसवायचा. रिव्हेट मारायला दोघे लागतात: बाहेरचा हातोडीची बंदूक चालवतो आणि आतला अडचणीत पाठ वाकवून जड लोखंडी ठोकळा पलीकडून दाबून धरतो. मी बहुतेक वेळा आतला असतो. एका शनिवारी हातभर लांबीची एक ओळ झाली तरी आम्ही समाधानाने घरी जातो.

आमच्याकडेही इलावारा सरोवर आणि समुद्र हाकेच्या अंतरावर आहेत. फरक पडतो तो छपराने. रात्रीचे दव पत्र्यावर बसले नाही, पंखांतली पाणी वाहून जाण्याची छिद्रे मोकळी राहिली आणि विमान नियमितपणे धुतले गेले, तर हे काम कित्येक वर्षे पुढे ढकलता येते. उघड्यावरच्या विमानाबाबत मात्र आम्ही सतत मागेच पडतो. गोव्याच्या विमानाकडे पाहून आपल्याला जे वाटले, ते आम्हाला अंगणातल्या जंबोकडे पाहून दर पावसाळी आठवड्यात वाटते.

कॉनीच्या प्रत्येक इंजिनात नऊ-नऊच्या दोन रांगांत अठरा सिलिंडर असतात. इंजिन थांबले की तेल झिरपून तळाच्या सिलिंडरांत साचते, म्हणून सुरू करण्यापूर्वी पंखा सावकाश फिरवून कुठे अडत नाही ना, हे पाहावे लागते. आपले वडील लोहगावला हे रोज करत असतील. सहलीला आपण अवश्य यावे आणि त्यांच्या कामाचा एखादा फोटो असल्यास आणावा. आमच्या इंजिनांवर काम करणाऱ्या वयस्कर मंडळींना तो पाहायचा आहे, असा निरोप मी आजच घेऊन ठेवला आहे.

ताई, सभासदांनी हो म्हटल्यास शनिवार ठरवावा, म्हणजे मलाही तुमच्यासोबत फिरून दाखवता येईल. बंद बूट घालून यायला सर्वांना सांगावे. कॉनीखाली तेल ठिबकते. पत्र्याचे ट्रे ठेवलेले असतात, तरी फरशी निसरडी होते.