सेंट लुईसमधलं पहिलं चर्च कुठलं?

शाहूपुरीकर: मंडळी एक शंका हाय. भाऊ अमेरिकेत सेंट लुईसला असतो, त्याच्याकडं जाऊन आलो. मिसिसिपीच्या काठावर ती भली मोठी कमान हाय ना, तिच्या शेजारीच दगडी चर्च हाय, ओल्ड कॅथेड्रल म्हणतात. पण ते तर १८३४ चं, आणि फ्रेंच व्यापाऱ्यांनी गाव वसवलं १७६४ ला, मग मधली ७० वर्षं लोक प्रार्थनेला जायचे कुठं?

रंकाळाकाठ: तिथंच की भावा! गाव वसवणाऱ्या लाक्लेदनं गाव आखतानाच अख्खा एक चौक, म्हणजे चार रस्त्यांमधली जागा, चर्चला सोडलेला. पहिलं लाकडी, १७७० च्या जूनमध्ये फादर जिबोंच्या हस्ते त्याचं पवित्रीकरण झालं. १७७६ ला दुसरं, ते पण लाकडीच, मग बिशप दुबुर यांनी १८१८ ला विटांचं काढलं आणि तू बघितलंस ते चौथं. आणि जिबो यायचे नदीपलीकडनं, तिकडं इंग्रजांचं राज्य, अलीकडं स्पेनचं, गावात बोलणं सगळं फ्रेंच, नुसता गोंधळ.

लाकूडकाम_वेडा: तसलं लाकडी चर्च बघायचं असंल तर नदी ओलांडून काहोकियाला जायला पायजे होतं. होली फॅमिली चर्च, १७९९ चं, अजून उभं हाय. फ्रेंच सुतार ओंडके आडवे रचत नव्हते, उभे लावायचे आणि मधल्या फटीत दगड-चुना भरायचे. नुसते जमिनीत पुरले तर बुडखा कुजतो, म्हणून काहोकियात दगडी पायावर जाड तुळई टाकून त्यावर उभे केलेत, आपल्या वाड्यातला खांब तळखड्यावर असतो ना, तसंच डोकं. ओंडके काळ्या अक्रोडाचे.

शाहूपुरीकर: च्यायला, भाऊ तिथं राहून एका शब्दानं बोलला नाही! बरं, दुसऱ्या पंथांची चर्च नव्हती व्हय?

रंकाळाकाठ: स्पेनच्या काळात उघड फक्त कॅथलिक. १८०३ ला अमेरिकेनं तो मुलूख विकत घेतला, मग बाकीचे आले. गिडिंग्ज नावाच्या मिशनऱ्यानं १८१७ ला प्रेस्बिटेरियन मंडळी उभी केली, बाप्टिस्ट मिशनरी पेक पण त्याच साली पोचले, हे दोन्ही प्रोटेस्टंट पंथ. आपल्या कोल्हापुरात मिशनरी विल्डर १८५२ ला आले, ते पण अमेरिकनच.

लाकूडकाम_वेडा: अजून एक, १९३९ पासनं, आता कमान हाय त्या स्मारकासाठी काठावरचे चाळीसेक चौक पाडले, जुनी गोदामं बिदामं सगळी गेली, हे चर्च तेवढं ठेवलं. माझ्या मते दोनचार गोदामं पण ठेवायला पायजे होती, व्यापाऱ्यांचं गाव होतं ते.