बोर्ड गावातलंच हवं

आदिवासी गावाच्या स्वतःच्या मीडिया संस्थेने बोर्डावर बाहेरचे प्रोफेशनल घ्यावेत, मोठ्या चॅनेलशी टायअप करावं म्हणजे सुटलं सगळं, असं काही जण म्हणतात ते मला काही पटत नाही. ऑस्ट्रेलियातलं युएंडुमू गाव बघा ना, अ‍ॅलिस स्प्रिंग्स शहरापासून जवळपास 300 किमी आत वाळवंटात, तिथल्या वार्लपिरी आदिवासींनी 1985 साली लायसन्स-बियसन्स नसताना स्वतःचा टीव्ही सुरू केला, सॅटेलाइटवरून इंग्रजी चॅनेल घरात घुसायच्या आत! तो चालवणारी त्यांची संस्थाच पुढे पीएडब्ल्यू मीडिया झाली. आता त्यांच्यात माणूस वारला की बराच काळ त्याचं नाव घेत नाहीत, फोटो-व्हिडिओ पण दाखवत नाहीत, मग जुनी टेप कोणाला द्यायची, कधी द्यायची हे घरच्यांना विचारल्याशिवाय कसं ठरणार? सिडनीतला अकाउंटंट सांगणारे का हे? हिशेबाला ठेवा की त्याला, बहुमत कशाला द्यायचं. तिकडच्या आदिवासी संस्थांसाठीच्या 2006 च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांमध्येही बहुसंख्य डायरेक्टर आदिवासीच लागतात. पार्टनरशिपला विरोध नाही हां माझा, पण करारात फुटेजची मालकी कोणाकडे राहते ते आधी वाचा, लोगो कुठे लागणार ते नंतर बघू.