३४ इंची बेस हाताला झेपत नाहीये, शॉर्ट स्केल घेऊ का?

खर्जवाली_सांगली

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबेल, आधीच सांगते.

मी मूळची गिटारवाली, पंधरा वर्षं ऱ्हिदम वाजवलं. आमच्या ऑर्केस्ट्रातला बेसिस्ट (बेस गिटार वाजवणारा) गेल्या वर्षी नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याच्या जागी मी तात्पुरती म्हणून उभी राहिले, आणि आता मला परत गिटारकडे जायचंच नाहीये. ढोलकी आणि बेस एकमेकांत बसले की पोटात जे काही होतं ना ते गिटारवर इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं.

प्रॉब्लेम हाताचा आहे. उंची पाच फूट, तळहात लहान. सध्या एक सेकंडहँड जॅझ टाइप (फेंडर कंपनीच्या जॅझ बेससारखा) बेस वापरते, ३४ इंची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी. तीन तासांच्या कार्यक्रमात दुसऱ्या तासालाच डावं मनगट भरून येतं, त्यातून गाणं एफमध्ये असलं की पहिल्या फ्रेटला (नेकवरची, म्हणजे दांड्यावरची, धातूची आडवी पट्टी) चिकटून बसावं लागतं आणि करंगळी चौथ्या फ्रेटपर्यंत पोचता पोचत नाही. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी तीन आठवडे वाजवणं बंद ठेवायला सांगितलं होतं.

एका दुकानात ३० इंची, म्हणजे शॉर्ट स्केल, बेसबद्दल विचारलं तर म्हणाले, ते पोरांना शिकायला असतं, स्टेजवर त्यातून खर्ज निघत नाही. मला ते पटलं नाही पण उत्तरही देता आलं नाही. तर हे खरं आहे का? मोठ्या लोकांनी कधी शॉर्ट स्केल वाजवलाय का? ३४ हाच आकडा आला कुठून? बजेट साधारण ३५ हजार. जाणकारांनी प्लीज सांगा.

---

मंद्र_सप्तक

ताई, दुकानदाराचं म्हणणं अजिबात मनावर घेऊ नका. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण बाकी सगळं त्यातूनच येतं.

फ्रेट असलेला, भरीव लाकडाचा, आडवा धरून वाजवायचा इलेक्ट्रिक बेस पहिल्यांदा केला तो सिॲटलच्या पॉल टटमार्कने, १९३६ च्या आसपास, ऑडिओव्हॉक्स ७३६ नावाचा, आणि त्याचं स्केल होतं साधारण साडेतीस इंच! म्हणजे या वाद्याची सुरुवातच शॉर्ट स्केलने झालीये. तो फारसा खपला नाही आणि लोक विसरले. मग १९५१ ला लिओ फेंडरने कॅलिफोर्नियात फुलर्टनला प्रिसिजन बेस काढला. नाव प्रिसिजन का, तर डबल बेसला फ्रेट नसतात, तिथे बोट जरा इकडेतिकडे झालं की सूर हलतो, इथे फ्रेटमुळे सूर अचूक. डबल बेसची तार ४१-४२ इंच असते, लिओने ती ३४ वर आणली. म्हणजे ३४ ही त्या माणसाने केलेली निवड आहे, निसर्गनियम नाही. ती निवड इतकी यशस्वी झाली की सगळ्या जगाने ती उचलली, एवढंच.

आणि त्याच काळात बाकीचे वेगळंच करत होते. गिब्सनचा पहिला बेस १९५३ चा, व्हायोलिनच्या आकाराचा, साडेतीस इंच. जर्मनीत हॉफनरचा ५००/१, १९५६ चा, तोही व्हायोलिनचाच आकार पण आतून पोकळ, ३० इंच. पॉल मॅकार्टनीने १९६१ ला हॅम्बुर्गमध्ये घेतला तो हाच. तो डावखुरा, आणि याचा आकार दोन्हीकडून सारखा असल्यामुळे उलटा धरला तरी विचित्र दिसत नाही हे त्याच्या मनात भरलं. बीटल्सच्या अख्ख्या सुरुवातीच्या काळाचा खर्ज या ३० इंची बेसमधून निघालाय, आता सांगा पोरांचं वाद्य कसं म्हणायचं याला.

अजून नावं हवीत तर क्रीम बँडमधला जॅक ब्रूस, गिब्सनचा ईबी-३. टॉकिंग हेड्स बँडची टीना वेमाउथ, फेंडर मस्टँग आणि हॉफनर दोन्ही. आणि स्टॅनली क्लार्क! त्याचे अलेम्बिक बेस पावणेएकतीस इंचाचे आहेत आणि तो माणूस चांगला उंच, लांब हातांचा, डबल बेसही वाजवतो. हाताला झेपत नाही म्हणून नाही, त्याला तो आवाज आणि तो वेग हवा होता म्हणून.

दुकानदाराच्या बाजूनेही एक सांगतो. लिओ फेंडरने कंपनी १९६५ ला सीबीएस या अमेरिकन कंपनीला विकली आणि १९६६ ला मस्टँग बेस आला, ३० इंची, लिओने फेंडरसाठी केलेलं बहुतेक शेवटचं बेसचं डिझाइन. तो विद्यार्थ्यांसाठी म्हणूनच विकला गेला, तेव्हापासून तो शिक्का बसलाय. पण शिक्का जाहिरातीचा आहे, आवाजाचा नाही.

---

दादर_बेसकाका

+१ इतिहासाला. पण माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते स्पष्टच सांगतो, राग मानू नकोस ताई.

मी ८४ पासून ऑर्केस्ट्रात बेस वाजवतोय, उंची पाच तीन. नवीन बेस घ्यायच्या आधी हात बघ. गिटारवाले बेसवर आले की एका फ्रेटला एक बोट हाच नियम पाळतात, आणि खालच्या चार फ्रेटवर तो पाळायची काही गरज नाही. डबल बेसवाले काय करतात, पहिलं, दुसरं आणि चौथं बोट एवढीच वापरतात, तिसरं बोट करंगळीला नुसतं टेकू देतं, आणि हात ताणायच्या ऐवजी अख्खा हात सरकवतात. अंगठा नेकच्या मागे मोकळा ठेव, दाबू नको. पट्टा आखूड कर, बेस छातीकडे आला पाहिजे आणि नेक वर तिरका, तू जर मांडीवर लोंबकळत वाजवत असशील तर मनगट मोडणारच, मग ते ३० इंच असो की २८.

कॅरल के घे. गिटारवाली बाई, १९६३ ला एका सेशनला बेसिस्ट आला नाही म्हणून बेस हातात घेतला आणि मग लॉस एंजलिसच्या स्टुडिओत वर्षानुवर्षं तीच वाजली, ३४ इंची प्रिसिजनवर, पिकने. जेमर्सन घे, मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा. १९६२ चा प्रिसिजन, जाड फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा ज्या तो बदलायचाच नाही, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) इतकी उंच की दुसऱ्याला दाबवत नसे, आणि उजव्या हाताचं फक्त पहिलं बोट. आपल्याकडे आरडींच्या गाण्यांतला टोनी वाझचा बेस नीट कान देऊन ऐक, किती कमी सूर आहेत आणि प्रत्येक सूर कसा बरोबर जागेवर पडतो. खर्ज बोटांच्या पसाऱ्यातून येत नाही गं, कुठे सोडायचं यातून येतो.

म्हणून आधी महिनाभर हात बदल. मग घे काय घ्यायचं ते.

---

लाकूड_आणि_तार

मिरजेत वाद्यदुरुस्ती करतो, गिटार-बेस जास्त. दोघांचंही बरोबर आहे पण मनगट दुखून डॉक्टरपर्यंत प्रकरण गेलं असेल तर काकांचा महिना जरा जपूनच.

आकडे सांगतो. ३४ इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत अंतर भरतं जवळपास १३० मिमी, ३० इंचीवर ११४. दीड सेंटिमीटरचा फरक, आणि करंगळीला तो खूप असतो. दुसरं, बरेच जण नेकची रुंदी आणि स्केल यात गोंधळ करतात. जॅझ बेसचा नट (नेकच्या वरच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी) ३८ मिमी, जुन्या प्रिसिजनचा ४४ पर्यंत जायचा, म्हणजे ताई तुमच्याकडे आधीच अरुंद नेक आहे, तुमचा त्रास रुंदीचा नाही लांबीचा आहे.

आता आवाज. आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनतात म्हणून त्याचंच उदाहरण देतो. बायकी तंबोरा मर्दानीपेक्षा लहान असतो, त्याला कोणी पोरांचा तंबोरा म्हणत नाही. पण तो वरच्या पट्टीत लावतात म्हणून तार ताठ राहते. शॉर्ट स्केल बेसमध्ये तसं होत नाही, लांबी कमी झाली आणि सूर मात्र तोच, उघडी ई तार दोन्हीकडे ४१ हर्ट्झलाच. त्याच जाडीची तार लावली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, ३४ वरून ३० वर आलात की साधारण २२ टक्के कमी. म्हणून तार मऊ लागते, दाबायला सोपी, मूळ सूर गोल आणि भरलेला येतो आणि वरचे झणझणीत स्वर कमी होतात. म्हणजे दुकानदाराने सांगितलं त्याच्या उलट, खर्ज निघतो, कमी होते ती धार. ढोलकीबरोबर वाजवायला मला स्वतःला तो गोल आवाज जास्त आवडतो कारण ढोलकीची चाट वर मोकळी राहते. तुम्हाला स्लॅप (तारेवर अंगठा आपटून वाजवणं) करायचं असेल किंवा पिकने खणखणीत हवं असेल तर मात्र ३४ च.

ई तार फारच ढिली वाटली तर जाड घ्या, १०५ च्या (०.१०५ इंच जाडी) आसपास, किंवा फ्लॅटवाउंड. आणि तार शॉर्ट स्केलचीच मागा, लांब तार कापून बसवली तर जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि तार सुटते किंवा मरते.

घेताना उभं राहून पट्टा लावून बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही हात सोडा. बेसचं डोकं (खुंट्यांचं टोक) खाली गेलं तर तो बेस ठेवून द्या. पट्ट्याचं वरचं बटण बाराव्या फ्रेटच्या जवळ आलं की तोल राहतो, लिओच्या बेसचं ते लांब शिंग त्यासाठी आहे, नुसतं दिसायला नाही. गिब्सनच्या ईबीचं शिंग आखूड, त्यांच्याच थंडरबर्डला तर वरून शिंगच नाही, म्हणून ते डोकं टाकतात आणि मग डाव्या हातानेच नेक उचलून धरायची सवय लागते. तुमच्या मनगटाला नेमकं तेच नकोय.

आणि सावंतवाडी-चिपळूणकडे कार्यक्रम असतात का तुमचे? पावसाळ्यात नेक हलतो, कुठल्याही कंपनीचा. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्यापाशी फट बघायची, व्हिजिटिंग कार्डाएवढी बास, आणि ट्रस रॉड (नेकच्या आतली वाक सांभाळणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचा नाही.

जाता जाता एक, कारण मला याचं फार अप्रूप आहे. फेंडरने १९५९ ला बेसच्या नेकवर रोझवूडचा फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली वरची फळी) लावायला सुरुवात केली, आधी ब्राझीलचं लाकूड, मग साठच्या दशकात भारतातलं. ते भारतातलं म्हणजे आपली शिसव, सह्याद्रीत होते तीच, आजीच्या कपाटाची आणि पाटाची. २०१७ ला या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले तेव्हा फेंडरने मेक्सिकोच्या बऱ्याच मॉडेलना पाउ फेरो हे दुसरं लाकूड लावलं, २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. तुमच्या जॅझ टाइपचा बोर्ड काळपट जांभळा असेल तर शक्यता आहे की तो शिसवीच आहे.

---

हेडलेस_पुणे

कोणी स्टाइनबर्गरचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितोय. नेड स्टाइनबर्गर फर्निचर डिझाइनर होता, ब्रुकलिनला स्टुअर्ट स्पेक्टरच्या शेजारी काम करायचा, स्पेक्टरचा तो शरीराला वळून बसणारा एनएस बेस त्याचाच, १९७७. मग त्याने डोकंच काढून टाकलं, कार्बन ग्राफाइटचा बेस, खुंट्या ब्रिजपाशी. तोल परफेक्ट आणि वजन कमी. ३४ इंच सोडायचं नसेल तर हेडलेस एकदा हातात घेऊन बघा, डावा हात पहिल्या फ्रेटला नेताना खांदा कमी ताणल्यासारखा वाटतो. अर्थात फ्रेटमधलं अंतर तेवढंच राहणार.

---

मंद्र_सप्तक

एक टेस्ट सुचवतो, पैसे न खर्च करता होईल अशी. तुमच्याच बेसच्या चारही तारा एक पूर्ण सूर उतरवा, डी जी सी एफ. मग दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. आता उघड्या तारा परत ई ए डी जी झाल्या, आणि कॅपोपासून ब्रिजपर्यंत अंतर राहिलं ३०.३ इंच. फ्रेटमधलं अंतर, तारेचा ताण, सगळं शॉर्ट स्केलसारखं. आठवडाभर असंच वाजवा.

---

खर्जवाली_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचून काढलं सगळं.

कॅपोची टेस्ट दहा दिवस केली, दोन प्रॅक्टिस आणि एक कार्यक्रम. गिटारचाच कॅपो नेकवर बसला, ई तार थोडी बझ झाली पण चाललं. तीन तास वाजवून मनगट दुखलं नाही! आणि ढोलकीवाल्या दादांना मी काहीच सांगितलं नव्हतं, मध्यंतरात ते स्वतःहून म्हणाले, आज बेस खाली छान बसतोय, काय बदललंस.

बेसकाका, तुमचं पहिलं-दुसरं-चौथं बोट पण सुरू केलंय, राग कसला त्यात. सुरुवातीला हात सरकवताना सूर तुटत होते, आता कमी तुटतात. आणि पट्टा चार बोटं वर घेतला, त्यानेच निम्मा फरक पडला असं वाटतंय. टोनी वाझ रोज रात्री हेडफोन लावून ऐकतेय.

शॉर्ट स्केल घ्यायचं नक्की झालं. दोन डोळ्यांसमोर आहेत, इबानेझ टॅलमनचा ३० इंची आणि स्क्वायरचा मस्टँग. पुढच्या शनिवारी पुण्याला जाऊन दोन्ही उभं राहून वाजवून बघणार, हात सोडूनसुद्धा. जुना बेस विकणार नाहीये. दिवसा उजेडात नेऊन बघितला, बोर्ड काळपट जांभळाच आहे.

---

दादर_बेसकाका

छान. टॅलमनला दोन पिकअप (तारेचा आवाज पकडणारे चुंबक) आहेत, पुढे प्रिसिजनसारखा दुभंगलेला, मागे जॅझचा. लावणीला पुढचा एकटा ठेव, टोन निम्म्यावर. जाताना तुझा जुना बेस बरोबर ने आणि त्याच अँपवर दोन्ही वाजव, नुसता नवा वाजवून कळत नाही. शनिवारी काय झालं ते लिही इथे.