वस्तीतल्या माणसाला दाखला मिळायला पुढारी का लागतो?

वास्कोकर
गोव्यातली कुठलीही झोपडवस्ती घ्या: मोतीडोंगर घ्या, झुआरीनगर घ्या, नाहीतर चिंबलचे इंदिरानगर. मतदार यादीत नाव आहे, तरी साध्या दाखल्यासाठी नगरसेवकाकडे नाहीतर पंचाकडे खेटे घालावे लागतात. गृहिणींसाठीच्या गृह आधार या सरकारी योजनेचे महिना 1500 रुपये हवेत तर गोव्यात 15 वर्षे राहिल्याचा पुरावा द्या. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईने तो कुठून आणायचा? मालक भाडेकरार करून देत नाही, वीजबिल त्याच्याच नावावर. आमच्या शेजारणीचा अर्ज कचेरीतून परत आला. मग नगरसेवकाचा माणूस सोबत गेला आणि त्याच सकाळी सही झाली. कागद तेच, साहेबही तेच! आता त्या घरातली मते कुणाला जाणार?

म्हापशेकार
अट काढली तर एवढ्याशा गोव्याला योजना झेपतील का? आणि कोमुनिदादीच्या, म्हणजे गावकारांच्या सामाईक संस्थेच्या जमिनीवर घरे उठली ती पुढाऱ्यांच्याच आशीर्वादाने. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारा तो मुंडकार. त्याच्यासाठीचा मुंडकार कायदा 1975चा, पण आमच्या घराखालची जमीन अजून भाटकाराच्या नावावर. आजोबांपासून तारखा चालल्या आहेत. इकडे 2025मध्ये कायदा बदलून कोमुनिदादीतली 28 फेब्रुवारी 2014पूर्वीची घरे नियमित करायची वाट मोकळी केली. नियम पाळणाऱ्याने काय करायचे?

बायणेची लेक
तुमचा राग रास्त आहे, पण तो आमच्यावर का? वास्कोतल्या बायणा किनाऱ्यावरच्या आमच्या झोपड्या 2004 साली पाडल्या त्या ऐन जूनमध्ये. आशीर्वाद देणारे त्या पावसात कुठे होते?

वास्कोकर
@म्हापशेकार, अट काढा असे मी म्हटलेलेच नाही. पुरावा कोणता चालेल ते ठरवा आणि सर्वांना तोच लावा. 2022च्या विधानसभा निवडणुकीत पणजीचा निकाल 716 मतांनी लागला. एवढ्या मतांत आमदार ठरत असेल तर वस्तीचे काम सरळ खिडकीवर होणे कुठल्या पुढाऱ्याला परवडेल? मुदतीत सेवा देण्याचा कायदा 2013पासून आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्या, एवढे जरी झाले तरी त्या बाईला कुणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही.

म्हापशेकार
लेखी कारणाला माझा पूर्ण पाठिंबा, ते मुंडकारालाही हवेच आहे. जमिनीबाबत मात्र मी मागे हटणार नाही. कोमुनिदाद गावकारांची, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची. निवडणूक आली म्हणून ती वाटायचा हक्क कुठल्याच आमदाराला नाही.