मदत हवी आहे : स्टीव्हियाच्या कडेच्या ओळी कळीवर जाताहेत

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्हा, शेडनेटमधला स्टीव्हिया (गोड पानांचं पीक). दिवस साधारण 13 तासांखाली गेला की हे पीक कळी धरतं, आणि आपल्याकडे मे ते जुलै सोडले तर दिवस त्याहून लहानच. कळी आली की पानाची वाढ थांबते, गोडवाही उतरतो. म्हणून रात्री 11 ते 1 लाल एलईडी (660 नॅनोमीटर) लावतो. शेंड्यापासून 5 फूट उंच, दर 8 फुटांवर एक. हा उजेड अन्न बनवायला नाही, फक्त लांब रात्र मधोमध तोडायला.

मधल्या ओळी पानावर आहेत, कडेच्या कळीवर. तिथे उजेड एकाच बाजूनं मिळतो, हे एक कारण दिसतं. दुसरं, लाइन गेली की बिनबॅटरीचा टायमर मागे पडतो. उजेड पहाटेकडे सरकतो आणि आधीचा अंधार सलग राहतो.

शेवंतीसारखा दर अर्ध्या तासात 10 मिनिटं उजेड स्टीव्हियाला पुरतो का? पुरला तर बॅटरीवर भागेल. बाजारातल्या काही गुलाबी पॅनेलमध्ये 730 नॅनोमीटरचा दूर-लाल (लालच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा उजेड) असतो, तो लालचा परिणाम पुसू शकतो. ते वापरून कोणाला कळ्या आल्या का? कडेला दिवे किती फुटांवर ठेवता, तेही सांगा जी. कापणी तोंडावर आहे.